बबनच्या मोटारीचं डिफरन्शियल

गिऱ्हाईक गाडी घ्यायला येतं तेव्हा बॉनेट उघडून बघतं, टायरला लाथ मारून बघतं, हॉर्न तर वाजवतंच. खाली वाकून डिफरन्शियल कुणी बघत नाही. पोलादपूरच्या नाक्यावर माझी उभी हयात गाड्यांच्या पोटाखाली गेली, म्हणून हे मी छातीठोक सांगतो. पाचाडचा एक खानावळवाला मला म्हणाला होता, "मेस्त्री, जो भाग दिसत नाय त्याला नवा माल कशाला? जुनाच पुसून घाला." मी त्याला म्हटलं, "तुमचं काळीजही दिसत नाही, तेही पुसून घालू का?" त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. बरं झालं.

मला आयुष्यात एकच माणूस भेटलं, ज्याला डिफरन्शियलची खरी कदर होती. आणि त्या माणसाला धड दिसत नव्हतं.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तोवर चहा पिऊन यावं. खळ्यावर मळणीला बैल गोल फिरतात ते पाहिलंय ना? मधल्या खांबाजवळचा बैल थोडं चालतो, कडेचा जास्त चालतो. दोघं सारखंच चालतो म्हणाले तर मळणी व्हायची नाही. गाडी वळते तेव्हा मागच्या दोन चाकांचं तसंच असतं. आतलं चाक कमी फिरलं पाहिजे, बाहेरचं जास्त. ही मुभा त्यांना डिफरन्शियल देतं. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात ते असतं.

पण ह्या मुभेत एक खोट आहे. एक चाक चिखलात गेलं की गरगर फिरायला लागतं आणि सगळा जोर तिकडेच वाया जातो. दुसरं चाक चांगलं कोरड्या दगडावर उभं असतं, कामाला तयार असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे घराघरांत हेच चालतं, त्यामुळे जास्त समजावत बसत नाही.

ह्यावर विलायतेत एक तोड निघाली होती. लिमिटेड स्लिप म्हणतात. त्यात पातळ चकत्यांची चळत असते. वळणावरचा थोडाफार फरक त्या चालवून घेतात, पण एक चाक उधळलं की एकमेकींना आवळून धरतात आणि दुसऱ्या चाकालाही जोर पोचवतात. नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्यात ही वस्तू पाहिलेला माणूस नव्हता. मीसुद्धा पाहिली नव्हती. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नाही.

ती वस्तू घेऊन माझ्याकडे आला बबन. बबन कापडे गावच्या वरच्या वाडीतला. जन्मभर मुंबईत एका म्हाताऱ्या शेटची गाडी चालवली. शेट जाताना आपली जुनी मोटार बबनच्या नावावर करून गेला. मोटार म्हणजे काय सांगू! दोन दारं, दोनच माणसांची जागा, वर कापडी छप्पर, रंग लालभडक, आणि उंची एवढी कमी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. शेटच्या तरुणपणी ती शर्यतीत धावली होती म्हणे. बबन नोकरी संपवून गावी आला तो ही मोटार घेऊन.

वाडीत बबनची आत्या राहायची. आई लहानपणीच गेली, आत्यानेच त्याला वाढवलं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळायचा, दुसराही त्याच वाटेवर होता. महाडच्या डॉक्टरांनी बबनला स्पष्ट सांगितलं होतं, लवकर आणा, उशीर केलात तर दोन्ही डोळे गेले समजा. आणि आत्या वाडीतून खाली उतरायला तयार नव्हती.

कारण होतं गंगाराम. आत्याचा शेजारी. दोघांच्या हद्दीवर एक फणस होता आणि तो कुणाचा ह्यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. वाडीत जीप होती एकच, ती गंगारामच्या मुलाची. तिच्यात बसायचा प्रश्नच नव्हता. डोलीतून न्यायचं म्हटलं तर आत्या म्हणायची, "डोलीतनं मरायला टेकलेली मानसं जातात. माझं पाय शाबूत हायत, निस्तं गुडघं दुखतात." आणि वर ऐटीत, "माझ्या भाच्याची सवताची मोटार हाय. दाराशी येईल तवा बसेन."

मोटार दाराशी येत नव्हती. वाडीच्या चढणीत एक वळण होतं. तिथे एका बाजूला बारमाही झरा, त्यामुळे डावीकडे कायम राड आणि उजवीकडे कोरडा कातळ. बबन वळणावर आला की डावं चाक राडीत गरगरायचं, बघायला जमलेल्या पोरांच्या अंगावर चिखल उडवायचं, आणि उजवं चाक कातळावर ढिम्म उभं. पोरं तर चिखल अंगावर घ्यायलाच यायची. मग गंगाराम शांतपणे आपले बैल घेऊन यायचा. पुढच्या बाजूला दोरखंड बांधायचा आणि शर्यतीतली मोटार बैलांच्या चालीने वर जायची.

आत्याला दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. पहिल्यांदाच मोटार दारात आली तेव्हा अंगणातनं तिने विचारलं, "बबन, मोटारीला घुंगरं कशी रे?"

बबनने खरं सांगितलं. झालं! आत्या घरात गेली आणि दाराला कडी घातली. आतून म्हणाली, "गंगारामाच्या बैलांनी वढलेल्या मोटारीत मी बसायची नाय. आंधळी मरेन, पन बसायची नाय. घुंगरांबिगर येईल तवा ये."

आता ह्या बाईला काय म्हणायचं? मी बबनला म्हटलं, हट्टी आहे. बबन म्हणाला, "मेस्त्री, डोळं जातील तिचं. तुमी कायपन करा, पन मोटार त्या वळणावर चढली पायजे." हे बोलताना पन्नाशी ओलांडलेला तो माणूस बाहीने डोळे पुसत होता. त्याचा मेव्हणा बोटीवर कामाला होता. त्याने परदेशातून ह्याच मोटारीला बसणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल पंच्यात गुंडाळून, कपड्यांच्या बॅगेतून आणलं होतं. ते बबनने माझ्या पुढ्यात ठेवलं. मी ते उचललं, कानाशी नेऊन फिरवलं, गंभीरपणे मान हलवली आणि म्हटलं, "बसेल." मनात म्हटलं, देवा, सांभाळ रे.

जुनं डिफरन्शियल उतरवलं. मोठं दातेरी चक्र त्यावरनं काढून नव्यावर चढवलं. इथपर्यंत कुणीही करील. खरी मेख पुढे असते. त्या चक्राचे दात समोरच्या छोट्या दातांना नेमके कुठे टेकतात, हे बघावं लागतं. कडेला टेकले की गाडी रडते, फार आवळले की दात जातात. ते बघायला आम्ही दातांना शेंदूर लावतो. हो, मारुतीचा शेंदूर. तेलात कालवायचा, दातांवर पुसायचा, चक्र फिरवायचं आणि शेंदूर कुठे पुसला जातो ते बघायचं. मग कागदासारख्या पातळ पट्ट्या घालून, काढून, पुन्हा शेंदूर लावून, पुन्हा फिरवून. महाडच्या पूजेच्या सामानाचा दुकानदार मला मोठा मारुतीभक्त समजायचा. दर शनिवारी देवळात न दिसणारा माणूस एवढा शेंदूर नेतो कुठे, ह्याचं त्याला कोडं होतं.

खूण दाताच्या बरोबर मध्यावर आली तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच होतो. तरी मोठ्याने म्हटलं, "वा रे पठ्ठे!" सगळं धुऊन-पुसून बसवलं. माझ्या हातच्या डिफरन्शियलमधून तेलाचा थेंब गळत नाही ही माझी ख्याती होती, म्हणून जोडही जपून आवळला. गिअर ऑइल भरलं आणि बबनला म्हटलं, फिरवून आण.

नाक्यावर वळला मात्र, मागून कडकड, खडखड, जणू आसात कुणी सुपारी कातरतंय. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. बबन पांढराफटक. मी म्हणालो, "नवं आहे, सरावेल." पण मला माहीत होतं, सरावणार नाही.

मग मी डिफरन्शियलसोबत आलेला कागद वाचला. मेकॅनिक कागद शेवटी वाचतो, तो काही माझा एकट्याचा दोष नाही. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण मतलब कळला. सोबतच्या बाटलीतलं खास तेल मिसळा. नाहीतर चकत्या अडकत-सुटत राहतील आणि शेवटी जळतील.

"बबन, बाटली कुठाय?"

"कंची बाटली?"

बोटीवरचा माणूस गावी आला की बॅग उघडते कशी, हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. अख्खी भावकी भोवती बसते. साबण ह्याला, चॉकलेट त्याला, बॅटरी तिला. लोखंडी गोळा कुणी मागितला नाही, म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला. बाटली मात्र छान होती, आत पिवळसर तेल, आणि झाकण उघडलं की असा उग्र वास की डोळ्यांत पाणी यावं. एवढा वास मारतंय म्हणजे गुणकारी असणारच! सगळ्यांनी एकमताने ठरवलं, हे परदेशी गुडघ्याचं तेल. आणि दिलं आत्याला.

बबनने कपाळावर हात मारला. "मेस्त्री, ती रोज चोळतेय. म्हनते, लई आराम हाय."

बाटली मागून आणायला बबन तयार होईना. म्हणाला, मी गेलो तर दार उघडायची नाही. म्हणून मी गेलो. बदल्यात द्यायला महाडहून नारायण तेलाची मोठी बाटली घेतली आणि ती चढण पायी चढलो. आत्या अंगणात बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलेलं, पाय उन्हात. दहा पावलांवरनं मला तो वास आला. माझ्या डिफरन्शियलचं तेल म्हातारीच्या पायांवर चकाकत होतं.

"आत्या, मी मेस्त्री. बबनची मोटार करतोय तो."

"मंग हितं काय करतोस? मोटार खाली हाय."

मी समजावून सांगितलं. दोन चाकं, राड, कातळ, एकाने उधळायचं आणि दुसऱ्याने नुसतं उभं राहायचं. आत्या मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी आमच्या घरावानीच. माझा धाकला दीर उधळायचा आनि मी उभी." जन्मभरात एवढ्या लवकर डिफरन्शियल कुणालाच समजलं नव्हतं. मी खूश होऊन पुढचं सांगितलं. नव्या डिफरन्शियलमधल्या चकत्या, त्यांना लागणारं तेल, आणि ते तेल कुठे आहे ते.

आत्याने बाटली पदराखाली घेतली. "नाय देनार. गुडघं आता कुठं मोकळं झालंत."

"आत्या, ते लोखंडाचं तेल आहे."

"मंग माझं गुडघं काय लोन्याचं हायत?"

मी नारायण तेलाची बाटली तिच्या हातात दिली, तिने ती बाजूला ठेवली. मी चिडलो. चिडलो की मी खरं बोलतो. म्हटलं, "आत्या, हे तेल गुडघ्याला लावून तुम्ही इथल्या इथे चार पावलं जास्त चालाल. गाडीत घातलं तर डोळे परत मिळतील. आणि तुमचा भाचा माझ्या गॅरेजमध्ये बसून रडतोय, ते मला बघवत नाही."

आत्याने पाय उन्हातून ओढून घेतले. मग विचारलं, "रडतोय? बबन?" आणि पदराखालची बाटली काढून माझ्या हातात दिली. अर्धी संपली होती. "ने. पन मेस्त्री, मोटार चढली नाय तर माझं तेल मला परत आनून द्यायचं. गाडीतनं काढून."

"काढून देईन," मी म्हटलं. ते काढून देता येत नाही. पण त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.

अर्धी बाटली डिफरन्शियलमध्ये ओतली आणि बबनला नाक्यामागच्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात गोल गोल फिरायला लावलं, म्हणजे तेल चकत्यांत मुरेल. कडकड कमी झाली, मग अगदीच उरली नाही. टपरीवरचे लोक मात्र म्हणत होते की मेस्त्रीने गाडीची नजर उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीला निघालो. दोघांचीच जागा, त्यामुळे वळणापर्यंत मी बबनशेजारी, तिथून पायी. वजन कमी बरं. गंगाराम बैल घेऊन नेहमीच्या जागी उभाच होता, दोरखंड खांद्यावर. पोरं चिखलासाठी उघडीबंब तयार. गंगाराम मला म्हणाला, "मेस्त्री, बांदू का दोर?" मी म्हटलं, "थांब जरा."

बबनने गाडी वळणाला घातली. डावं चाक राडीत गेलं, एक गिरकी घेतली, पोरांनी आरोळी ठोकली. आणि मग आतल्या चकत्यांनी आवळून धरलं. उजव्या चाकाने कातळ पकडला. मोटार एकदा बाजूला सरकली, एकदा गुरगुरली आणि चढली! सरळ वर चढून गेली. चिखलाचा एक शिंतोडा पोरांच्या अंगावर नाही. पोरं एवढी नाराज झालेली मी कधी पाहिली नाहीत. मी मात्र टोपी हवेत उडवली, ती राडीत पडली.

मी धापा टाकत वर पोचलो, तर बबन अंगणात उभा आणि आत्याच्या दाराला कडी.

"आता काय झालं?"

बबन नुसतंच खाली बोट दाखवू लागला. पाठीमागून घुंगरांचा आवाज. काम नाही म्हटल्यावर गंगाराम बैल घेऊन आपल्या घरी निघाला होता, मोटारीच्या मागोमाग. त्याचं घर त्याच वाटेवर, तो तरी कुठून जाणार?

"घुंगरं!" आतून आत्या ओरडली. "मला काय भैरी समजता? बैलच हायत!"

"बैल मागं होते, आत्या," मी म्हटलं.

"मेस्त्री, तू तुझ्या कामाचं चांगलंच बोलनार."

बबन दारावर हात ठेवून, "आत्या गो, खरंच चढली गो," एवढंच म्हणत राहिला. डोळ्यांचा प्रश्न होता आणि तो बैलांच्या घुंगरांवर येऊन अडला होता. माझं डोकं फिरायची वेळ आली.

तेव्हा गंगाराम अंगणाच्या कडेला थांबला. आत्याच्या दाराकडे तोंड करून बोलणं त्याला जमेना, इतक्या वर्षांत सवय मोडली होती. बैलाकडे बघत तो मोठ्याने म्हणाला, "मोटार आपली आपन चढली. माझा दोर माझ्या खांद्यावर हाय. बैल मागनं आलं."

कडी हलली नाही.

"त्या फनसाची शप्पत," गंगाराम म्हणाला.

कडी निघाली. त्या फणसाची शपथ ह्या दोन घरांत कुणी खोटी घेणार नाही, हे आत्याला पक्कं माहीत होतं. ती चाचपडत बाहेर आली, मोटारीच्या नाकावरनं दोन्ही हात फिरवले, दोर बांधल्याची खूण शोधली. नव्हती. मग बबनने तिला खाली, खाली, आणखी खाली बसवलं. "खाट मोडली काय रे?" असं विचारत ती आत बसली. महाडपर्यंत तिने दाराची मूठ सोडली नाही, असं बबनने नंतर सांगितलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गुडघ्यांचा वास घेऊन बबनला झापलं, तेही झालं. पट्टी सुटल्यावर काळा चष्मा लावलेली आत्या वाडीला परत जाताना माझ्या गॅरेजसमोर उतरली. आधी माझ्याकडे बघितलं. "आवाजावरनं दांडगा वाटला होतास," म्हणाली. मग मोटारीकडे वळली. वर्षानुवर्षं जिची ऐट मिरवली, ती मोटार तिला पहिल्यांदाच दिसत होती.

"हीच?"

"हीच, आत्या," बबन म्हणाला.

"ही तं कोंबड्यांच्या डालग्याएवढी हाय." मग मला म्हणाली, "तू तेल घातलंस तो भाग कुठं हाय? मला बघायचाय."

माझ्या गॅरेजच्या आयुष्यात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. पण ऑपरेशननंतर त्या काळी वाकायला सक्त मनाई असायची. मी तसं सांगितलं. आत्या म्हणाली, "वाकायचं कशाला? तुझा खड्डा हाय ना?"

गाडीखाली उभं राहून काम करायला प्रत्येक गॅरेजमध्ये खड्डा असतो. बबनने मोटार खड्ड्यावर घेतली. मी पुढे, आत्या माझ्या खांद्याला धरून मागे, "आई गं, गुडघं" करत एकेक पायरी खाली उतरली. मी दिवा वर धरला. लोखंडी गोळा समोर होता, आणि त्यावर माझ्या बोटाचा शेंदरी ठसा राहून गेला होता. आत्याने डोक्यावरनं पदर घेतला. तिने गोळ्यावर अख्खा तळहात ठेवला आणि म्हणाली, "गरम हाय."

"महाडहून चालून आलाय, आत्या."

ती बराच वेळ बघत उभी होती. दिसायला लागलं त्याचा आनंद तिला असणार, पण मला वाटलं, ती माझंच काम बघतेय. तेवढ्यात माझं लक्ष गोळ्याच्या खालच्या जोडाकडे गेलं आणि मी ओशाळलो. तिथे तेलाचा एक थेंब लोंबत होता. माझ्या हातचं डिफरन्शियल, आणि गळतंय! मी घाईघाईने चिंधी शोधू लागलो.

आत्याने माझ्याआधी तो थेंब बोटावर घेतला. नाकाशी नेला.

"माझंच हाय," ती म्हणाली.

मग तिने न वाकता एक पाय खड्ड्याच्या पायरीवर ठेवला, लुगडं सारलं आणि तो थेंब गुडघ्यावर चोळला. दुसऱ्या गुडघ्यासाठी थांबून राहिली. मी चिंधी खिशात घातली आणि पुढचा थेंब पडेपर्यंत दिवा धरून उभा राहिलो.